शाळा-बोर्डातील धर्मगुरू : फादर ॲलन मॅक्डोनाल्ड

ज्युबिलीच्या पुस्तकात संतांची चरित्रे येतात, दूरदेशी जाऊन रक्त सांडणाऱ्या मिशनऱ्यांची येतात, देवळे बांधणाऱ्या बिशपांचीही येतात. परंतु गावच्या शाळा-बोर्डाच्या बैठकीस बसून हजेरीपट पाहणारा, गळक्या छपराचा खर्च मंजूर करून घेणारा आणि मास्तर कोण नेमावा यासाठी झटणारा एखादा धर्मगुरू चरित्रास पात्र आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. फादर ॲलन मॅक्डोनाल्ड यांचे नाव स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांत आजही आदराने घेतले जाते ते कवी म्हणून, लोककथांचे संग्राहक म्हणून आणि एरिस्के बेटावरील देवळाचे निर्माते म्हणून. ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचा जो भाग थोड्यांच्या लक्षात राहिला आहे, तोच प्रस्तुत लेखकास विशेष मोलाचा वाटतो. म्हणून वाचकांनी या लेखात शाळेविषयी जरा अधिक वाचावयाची तयारी ठेवावी.

ॲलन यांचा जन्म 1859 साली स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील फोर्ट विल्यम या गावी झाला. वडील खाणावळ चालवीत. मुलगा हुशार व देवभक्त पाहून त्यास बाराव्या वर्षाच्या सुमारास ॲबर्डीनजवळील ब्लेअर्स येथील सेमिनरीत धाडण्यात आले, आणि तेथून पुढे 1876 साली स्पेन देशातील व्हायादोलिद नगरीच्या स्कॉट्स कॉलेजात. स्कॉटलंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू तयार करण्यास कायद्याने बंदी होती, त्या काळापासून अशी कॉलेजे परदेशात चालत आली होती. सहा वर्षे तेथे राहून ते परतले व 1882 साली ग्लासगो येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

प्रथम ते ओबान येथे बिशप अँगस मॅक्डोनाल्ड यांच्याजवळ राहिले. बिशप महाराज व हा तरुण धर्मगुरू दोघेही डोंगराळ मुलखातले. ओबानमध्ये त्या वेळी कॅथलिक थोडे, म्हणून काम बेताचे. तेथे एका वृद्ध कोळ्याच्या तोंडून त्यांनी जुनी गेलिक भक्तिगीते ऐकली व उतरवून घेतली. पुढे आयुष्यभर जो छंद लागला, त्याचा प्रारंभ येथे झाला. 1884 साली बिशपांनी त्यांना साउथ युइस्ट बेटावर डालिबर्ग येथे पाठविले. वय अवघे पंचवीस.

हे बेट नकाशात पाहिले तर स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका लांब बेटमालेत सापडते. पश्चिमेस वाळूचा सपाट किनारा, पूर्वेस उघडे डोंगर, मध्ये दलदल व असंख्य तळी. धर्मसुधारणेच्या वादळात सारा देश प्रॉटेस्टंट झाला, तरी साउथ युइस्ट, एरिस्के व बारा येथील बहुतेक रयत जुन्या धर्मास चिकटून राहिली. आसपासच्या लहान बेटांसह या पॅरिशची वस्ती सुमारे 6,000 होती. लोक काळ्या घरांत राहत, म्हणजे जाड दगडी भिंती, वर गवती छप्पर, आणि मध्ये पीटची धुनी. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळविलेले मातीचे जळण. त्याच घराच्या एका टोकास गुरे.

जमीन मात्र रयतेची नव्हती. 1838 साली कर्नल गॉर्डन नावाच्या धनाढ्य गृहस्थाने ही बेटे विकत घेतली, आणि 1851 साली त्यांच्या माणसांनी सुमारे 1,700 जीव जहाजांत कोंबून कॅनडास रवाना केले. कित्येकांस हातपाय बांधून नेले, अशी आठवण बेटावर पिढ्यान्पिढ्या सांगत असत. फादर ॲलन आले तेव्हा मालकी लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांच्याकडे होती. बाई बेटावर क्वचितच येत; सारा कारभार त्यांचा कारभारी पाही. खंडकऱ्यास घरातून काढावयाचे की ठेवावयाचे हे त्याच्या मर्जीवर. घर मोडले तर दुसरे बांधावयास वावभर जागा मिळण्याची शाश्वती नाही.

आता शाळेचा प्रश्न. 1872 साली पार्लमेंटाने स्कॉटलंडसाठी शिक्षणाचा कायदा केला. प्रत्येक पॅरिशमध्ये पाचपासून पंधरापर्यंत सभासदांचे एक शाळा-बोर्ड असावे, त्याची निवडणूक दर तीन वर्षांनी व्हावी, पाच ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शाळेत जाणे सक्तीचे असावे, आणि बोर्डाने कर बसवून शाळा चालवाव्यात, असा त्याचा आशय. पहिल्या निवडणुका 1873 साली झाल्या. ज्याच्या ताब्यातील मालमत्तेचे वार्षिक मूल्य 4 पौंड वा अधिक भरेल त्यास मत. नाव यादीत असेल तर बाईसही मत देता येई व सभासदही होता येई, आणि पार्लमेंटाच्या निवडणुकीत तसे घडण्यास अद्याप पंचेचाळीसहून अधिक वर्षे होती. मतदानाची रीतही निराळी. जितक्या जागा तितकी मते प्रत्येकास, आणि वाटल्यास ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत. अल्पसंख्य पंथासही बोर्डात एखादा माणूस धाडता यावा, हा या युक्तीचा हेतू. इंग्लंडात व स्कॉटलंडातील शहरांत कॅथलिक मंडळींनी याच रीतीचा लाभ घेऊन आपले धर्मगुरू बोर्डावर बसविले.

परंतु खेड्यापाड्यांतील चित्र वेगळे होते. जागा जितक्या तितकेच उमेदवार उभे राहिले तर मतदान होतच नसे. ते सर्व निवडून आले असे जाहीर करीत. अशा बिनविरोध निवडणुका स्कॉटलंडात पुष्कळ झाल्या. कोठे निरनिराळ्या पंथांचे पुढारी आधीच एकत्र बसून तुमचे इतके, आमचे इतके असे ठरवीत. निवडणुकीचा खर्च करदात्यांच्याच डोक्यावर पडे, तो वाचे; भांडणही टळे. हा समेटाचा भाग चांगलाच म्हणावयाचा. परंतु विरोधात कोणी उभे राहिले नाही, म्हणजे सर्व संतुष्ट आहेत, असे म्हणता येत नाही. जेथे सभासद होऊ पाहणारा कारभारी हाच उद्या घराबाहेर काढणारा, तेथे त्याच्यासमोर उभे राहावयास कोण धजणार? गावातील शांततेच्या मागे पुष्कळदा भय दडलेले असते, हे आपल्याकडील जुन्या माणसांस सांगावयास नको.

साउथ युइस्टच्या पहिल्या बोर्डांवर कारभारी व त्याच्या विचाराच्या मंडळींचे वर्चस्व होते. शाळा बांधल्या गेल्या, मुले सक्तीने येऊ लागली. त्यांत बहुसंख्य मुले कॅथलिक. मास्तर मात्र एकही कॅथलिक नेमला जाईना. कायद्यात विवेकस्वातंत्र्याचे कलम होते. आईबापांची इच्छा नसेल तर मुलास धर्मशिक्षणाच्या तासास बसविता येत नसे. तेवढ्यापुरते रक्षण होते, नाही असे नाही. पण धर्म हा का केवळ सकाळच्या एका तासात मावतो? दिवसभर ज्याच्या तोंडाकडे मूल पाहते, त्याच्या मनात त्या मुलाच्या घरच्या प्रार्थनेविषयी आदर आहे की तिरस्कार, हे मुलास न शिकविता कळते. आईबापांनी अर्ज केले, धर्मगुरूंनी पत्रे लिहिली, परिणाम शून्य.

1883 साली लॉर्ड नेपियर यांचे कमिशन शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यास बेटांवर आले. बिशप अँगस यांनी त्यापुढे आपले निवेदन ठेवले. जेथे जवळजवळ सारी मुले कॅथलिक, तेथे कॅथलिक शिक्षक मागणे हे कायद्याने मिळालेल्या अधिकारापलीकडचे नाही. आणि ज्यांनी ते मागावयाचे ते लोक जमिनीच्या भयाने तोंड मिटून आहेत, असा त्याचा मथितार्थ होता. जमिनीचा प्रश्न व शाळेचा प्रश्न हे एकाच दोरीचे दोन पीळ होते, हे बिशपांनी ओळखले होते.

तीन वर्षांनी, 1886 साली, तो पीळ सुटला. पार्लमेंटाने लहान खंडकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा केला. खंड वेळेवर भरणाऱ्या कुळास आता काढून लावता येईना. खंडाची रक्कम ठरविण्यास सरकारी कमिशन बसले. कागदावरील हा कायदा बेटावरील माणसाच्या पाठीचा कणा ठरला. फादर ॲलन या साऱ्या चळवळीत रयतेच्या बाजूने उघडपणे उभे होते. ज्यांच्या झोपडीत रात्री-अपरात्री रोगी पाहावयास जावयाचे, त्यांच्या चुलीवर काय शिजते व काय शिजत नाही हे त्यांस ठाऊक होते. आता त्यांनी व बेटावरील इतर धर्मगुरूंनी लोकांस समजाविले की, मत हे दान नव्हे, हक्क आहे. आणि तो शाळेसाठी वापरावयाचा आहे. ते स्वतः बोर्डाचे सभासद झाले. हळूहळू बोर्डाचा तोल फिरला, आणि बहुसंख्य रयतेची बाजू बोर्डातही बहुसंख्य झाली.

या विजयाचे फळ 1890 साली दृष्टीस पडले. बोर्डाने दिलेली जाहिरात वाचून इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरातून फ्रेडरिक रे नावाचा तरुण कॅथलिक शिक्षक अर्ज करता झाला, आणि गॅरीनामोनी येथील शाळेवर मुख्य मास्तर नेमला गेला. धर्मसुधारणेनंतर बेटावरील शाळेचा पहिला कॅथलिक मुख्य शिक्षक तोच. आगगाडी, मग आगबोट, मग वाऱ्यापावसात उघड्या गाडीतून प्रवास करीत तो जेव्हा शाळेच्या दारी पोचला, तेव्हा आपण जगाच्या टोकाशी आलो असे त्यास वाटले असल्यास नवल नाही. पुढे त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या 1964 साली छापून प्रसिद्ध झाल्या, आणि त्यावरूनच आपणांस त्या शाळेचे अंतरंग कळते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नवा मास्तर धर्माने मुलांचा, परंतु भाषेने परका. त्यास गेलिक येत नव्हते, आणि लहान मुलांस इंग्रजीचा गंध नव्हता. 1872 च्या कायद्यात गेलिक भाषेचा उल्लेखदेखील नव्हता. सरकारी इन्स्पेक्टर परीक्षा घेई ती इंग्रजी वाचनाची, लेखनाची व गणिताची, आणि शाळेची सरकारी मदत त्यावर अवलंबून. बोर्डाच्या हाती मास्तर बदलणे होते; लंडनहून आलेला अभ्यासक्रम बदलणे नव्हते. म्हणजे लोकांनी आपला धर्म शाळेच्या दाराच्या आत आणला, पण त्यांची भाषा उंबऱ्यापाशीच थांबली. फादर ॲलन यांस हे शल्य किती बोचले असेल, याची कल्पना त्यांच्या पुढील उद्योगावरून येते. भाषा जेथे होती तेथे, म्हणजे धुनीभोवती, ते स्वतः जाऊन बसले.

बोर्डाचे उरलेले काम म्हणजे गद्यच. आईबाप गरीब, पेरणीच्या, पीट कापण्याच्या व मासळीच्या हंगामात मुले घरी लागत, आणि हजेरी घसरली की मदत कापली जाई. हिवाळ्यात मुले अनवाणी, चिखल तुडवीत येत. शाळेच्या शेगडीसाठी काखेत पीटचा एकेक तुकडा आणीत. कर बसवावा तर कोणावर? पश्चिमेकडील कित्येक बेटांची बोर्डे 1880 च्या दशकाच्या अखेरीस कर्जात बुडाली होती. अशा बैठकांत वाहवा मिळत नाही. शिक्षक नेमला तर एक पक्ष रुष्ट, न नेमला तर दुसरा. आणि बैठक संपवून हा धर्मगुरू घरी जाई तो निजावयास नव्हे. पाच-सात मैलांवर कोणी अत्यवस्थ असे, त्यास अंत्यकाळची साक्रामेंते देण्यास. एरिस्के बेटही तेव्हा त्यांच्याच देखरेखीखाली होते. तेथे जावयाचे तर सामुद्रधुनी होडीने ओलांडावी लागे, वारा कसाही असो.

नऊ वर्षांत या श्रमांनी त्यांची प्रकृती खालावली. शरीर उंच, बांधा मजबूत. पण छाती व हृदय थकले. बिशपांनी 1893 च्या सुमारास त्यांस एरिस्के हे लहान बेट स्वतंत्रपणे सोपविले. लांबी अडीच मैल, जमीन खडकाळ, वस्ती सुमारे चारशेच्या घरात. इतरत्र नांगरटीची जमीन मेंढ्यांसाठी रिकामी केली तेव्हा हाकललेले कित्येक लोक या खडकावर येऊन राहिले होते, कारण येथे मेंढ्यांसही पुरेसे गवत नव्हते. प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट 1745 साली स्कॉटलंडच्या भूमीवर प्रथम उतरला तो याच बेटाच्या वाळूवर, एवढीच त्याची इतिहासातील ख्याती.

येथे ते सुखी झाले, असे त्यांच्या कवितांवरून वाटते. त्यांनी या बेटास यौवनाचे बेट म्हणून आळविले आहे. 1893 साली त्यांचे गेलिक भक्तिगीतांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात परंपरागत गीतांसोबत त्यांची स्वतःची व भाषांतरित गीतेही होती. लोक मिस्सेस ती गाऊ लागले. आणि वहीमागून वही भरत चालली: म्हणी, आशीर्वाद, गुरे वळताना म्हणावयाच्या प्रार्थना, माशांची व गवतांची नावे, भुताखेतांच्या गोष्टी, म्हाताऱ्या बायकांची गाणी. ज्या भाषेस शाळेत जागा नव्हती, तिचा कोश एका धर्मगुरूच्या टेबलावर तयार होत होता.

या कामात त्यांस एक दुःखही भोगावे लागले. अतींद्रिय गोष्टींचा शोध घेणाऱ्या लंडनच्या एका संस्थेतर्फे एडा गुडरिच फ्रीअर नावाच्या बाई बेटावर दूरदृष्टीच्या कथा गोळा करण्यास आल्या. फादर ॲलन यांनी मोकळ्या मनाने आपल्या वह्या त्यांच्या हाती दिल्या. बाईंनी त्यांतील मजकूर व्याख्यानांत, लेखांत व पुढे पुस्तकात भरपूर वापरला. संग्राहकाचे श्रेय मात्र जितके द्यावयास हवे होते तितके दिले नाही. हा प्रकार जॉन लॉर्न कॅम्बेल या विद्वानांनी विसाव्या शतकात पुराव्यासह उघडकीस आणला. फादरांनी स्वतः त्याविषयी जाहीर तक्रार केल्याचे आढळत नाही.

एरिस्केवरील जुने देऊळ लहान, गवती छपराचे व जीर्ण होते. नवे बांधावयाचे ठरले; पैसा कोठून आणावा? कोळ्यांनी एका रात्रीची सारी मासळी देवळास अर्पण करण्याचा नवस केला, आणि त्या रात्री जाळी अशी भरली की, सुमारे 200 पौंड हाती आले, असे बेटावर सांगतात. पुरुषांनी दगड फोडले, बायकांनी वाळू पाठीवर वाहिली, चुन्यासाठी शिंपले भाजले. धर्मगुरूंनी आपली पुस्तके व हस्तलिखिते विकूनही भर घातली, असेही म्हणतात. संत मायकल यांच्या नावाचे हे देऊळ उंच टेकडीवर उभे राहिले व 1903 साली बिशप जॉर्ज स्मिथ यांच्या हस्ते त्यास आशीर्वाद मिळाला. तेथून दक्षिणेस बारा दिसते, उत्तरेस सामुद्रधुनीपलीकडे साउथ युइस्ट. जेथे तरुणपण झिजविले तो सारा मुलूख एका दृष्टिक्षेपात.

1905 च्या उन्हाळ्यात दूरदूरचे पाहुणे त्यांच्याकडे आले. गाणी टिपणाऱ्या मार्जरी केनेडी-फ्रेझर आल्या. एमी मरे ही अमेरिकन गायिकाही आली, आणि तिने पुढे 1920 साली त्यांच्या बेटावर एक सुंदर पुस्तक लिहिले. फादर ॲलन त्या उन्हाळ्यात आनंदी होते. परंतु ऑक्टोबरात छातीच्या विकाराने त्यांस गाठले, आणि 8 तारखेस ते प्रभूच्या घरी गेले. वय पुरते 46 देखील नव्हते. कबर खणण्यास नेमलेल्या माणसांच्या हातून फावडी घेऊन बेटावरील लोकांनी मूठमूठ माती आपल्या हातांनी लोटली, अशी आठवण सांगतात.

शाळा-बोर्डे पुढे फार दिवस राहिली नाहीत. 1918 च्या कायद्याने ती रद्द होऊन जिल्ह्यांच्या शिक्षण-मंडळांकडे काम गेले. आणि त्याच कायद्याने स्कॉटलंडातील कॅथलिक शाळा सरकारी खर्चात सामील करून घेताना, तेथील शिक्षक धर्म व चारित्र्य यांबाबत ख्रिस्तसभेस मान्य असावेत, अशी तरतूद केली. बेटावरील आईबाप पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे मागत होते, त्यालाच हे कायद्याचे रूप मिळाले होते. रे मास्तर मध्यंतरी बेट सोडून गेले होते, ते परत आले व 1913 पर्यंत मुले शिकवीत राहिले. फादरांच्या वह्या एडिनबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांच्या संग्रहांत जपल्या गेल्या. त्यांतील शब्दांचा कोश 1958 साली छापला गेला, कविता 1965 साली.

2001 साली सामुद्रधुनीवर बांध घालून एरिस्केस साउथ युइस्टशी रस्त्याने जोडण्यात आले. ज्या पाण्यावरून रोग्याच्या हाकेसरशी हा धर्मगुरू होडी लोटीत असे, ते आता मोटारीने काही मिनिटांत ओलांडता येते. टेकडीवरील देवळाची वेदी अलीकडच्या काळात एका जुन्या जीवनरक्षक नावेच्या पुढल्या भागावर बसविली आहे. मिस्सेस येणाऱ्या कोळ्यांची दृष्टी प्रथम तिच्याकडेच जाते.